तुरुंगाच्या मराठीची झडती

आर्थर रोडचे नाव बदलून साने गुरुजी मार्ग झाले, त्याला आता बराच काळ लोटला. ज्याने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरवून घेतली आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, त्याचे नाव नेमके तुरुंगाच्या रस्त्याला मिळावे, यात औचित्य आहे. पण सातरस्त्यापासून चिंचपोकळीपर्यंत कोणालाही विचारा. तुरुंग अजून आर्थर रोडचाच आहे. पाटीवर ‘मुंबई मध्यवर्ती कारागृह’. खात्याचे नाव ‘कारागृह व सुधारसेवा’. त्या खात्यातल्या अधिकाऱ्याचे पदनाम मात्र ‘तुरुंगाधिकारी’. आतला माणूस कागदावर ‘बंदी’, वर्तमानपत्रात ‘कैदी’. बाहेर भेटीच्या रांगेत पिशवी घेऊन उभी असलेली त्याची आई म्हणते ‘जेल’. आणि लालबागच्या चाळीत शेजारणीने विचारले, तर तिला यांपैकी एकही शब्द चालत नाही. ‘तो गावाला गेलाय’, एवढेच ती सांगते.

एकाच जागेसाठी आणि एकाच माणसासाठी इतके शब्द का लागावेत, हा या लेखाचा विषय आहे. मी भाषांतराचे काम करतो. कायदेविषयक मदत देणाऱ्या एका संस्थेसाठी काही वर्षे बंद्यांचे अर्ज आणि त्यांच्या नातेवाइकांसाठीची माहितीपत्रके मराठीत केली. त्या कामात रोज हाताखालून गेलेले शब्द पुढे मी नायगावच्या संदर्भ विभागात बसून मोल्सवर्थच्या आणि दाते-कर्वे यांच्या कोशांत पाहिले. त्यातून जे दिसले ते आधीच सांगून टाकतो. गुन्हेगाराचे काय करायचे हे सांगणारे शब्द मराठीत भरपूर आहेत. त्याला परत कोणी घ्यायचे, हे सांगणारा शब्द मात्र नव्या परिभाषेत जवळजवळ नाही. ही उणीव कोशापुरती राहत नाही. ती चाळीच्या दारापर्यंत पोचते.

१. खोड, खोडा आणि तुरुंग

‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘ट्रोंको’वरून आला. ट्रोंको म्हणजे झाडाचे खोड. मग त्या खोडाला भोके पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवायचे साधन. आणि शेवटी असे साधन जिथे ठेवतात ती जागा. मराठीने हीच वाट स्वतःच्या शब्दांनीही चालून पाहिलेली आहे. झाडाचे ‘खोड’ आणि कैद्याच्या पायातला ‘खोडा’ हे शब्द आपल्याकडे शेजारी-शेजारी आहेत. ‘कैद’ अरबीतून आली, ‘कारागृह’ संस्कृतातून, ‘जेल’ इंग्रजीतून. प्रत्येक राजवटीने आपला शब्द आणला आणि आपण तो ठेवून घेतला, आधीचा न टाकता.

या शब्दांची प्रतवारी मात्र आपली. स्वातंत्र्यसैनिक ‘कारावास’ भोगतो, भुरटा चोर ‘जेलात’ जातो. आणीबाणीत स्थानबद्ध झालेले ‘मिसाबंदी’ म्हणून ओळखले गेले. त्यांना कोणी ‘मिसाकैदी’ म्हटले नाही. खात्याने ‘कैदी’ सोडून ‘बंदी’ हा शब्द स्वीकारला, त्यामागे ही प्रतिष्ठा उसनी घेण्याचा हेतू असेल तर तो चांगलाच आहे. अडचण एवढीच, की मराठी वाचकाला ‘बंदी’ म्हटले की दारूबंदी आणि नोटाबंदी आधी आठवते. त्यामुळे बातमीदार पुन्हा ‘कैदी’कडे वळतो आणि अधिकृत शब्द अर्जाच्या मथळ्यापुरता उरतो.

माणूस बदलू शकतो का, याविषयी मराठीचे मत काय? ते कोशापेक्षा म्हणीत सापडते. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण हसत हसत, घरातल्या माणसाच्या चहाच्या सवयीलाही लावतो. पण सुटून आलेल्या माणसाविषयी दुकानदार ती म्हणतो, तेव्हा ती न्यायनिवाडा असते. आपल्याकडे खोड ‘मोडायची’ असते किंवा ‘जिरवायची’ असते. दोन्ही क्रियापदांत बळ आहे, शिकवणे नाही. जुन्या मराठीत कैदखान्याला ‘अदबखाना’ असाही शब्द होता. अदब लावण्याची जागा, म्हणजे आजच्या ‘सुधारगृहा’चा पूर्वजच. आणि ‘शिक्षा’ हा शब्द तर डोळ्यांसमोर आहे. हिंदीत त्याचा अर्थ विद्या, मराठीत दंड. शाळेला ‘शिक्षण’ देऊन ‘शिक्षा’ आपण न्यायालयाला दिली, आणि दोहोंचे मूळ एक असल्याचा विसर पडला. तुरुंगात साक्षरतेचा वर्ग भरतो तेव्हा हे दोन शब्द पुन्हा एका छपराखाली येतात.

२. कच्चा माणूस, पक्का माणूस

खटला चालू असलेल्याला बोलीत ‘कच्चा कैदी’ म्हणतात, शिक्षा लागलेल्याला ‘पक्का’. अधिकृत शब्द अनुक्रमे ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’. अधिकृत शब्दांची थट्टा करणे सोपे असते. भाषा संचालनालयाच्या ‘पदनाम कोशा’ला अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले, तेव्हापासून आपण ती थट्टा हक्काने करत आलो आहोत. इथे मात्र बाजू उलटी आहे. ‘न्यायाधीन’ हा शब्द अवघड असला तरी खरा आहे: हा माणूस न्यायाच्या हाती आहे, दोष अजून ठरलेला नाही. ‘कच्चा’ हा सोपा शब्द मात्र आंब्याच्या अढीतला. कच्चा आहे म्हणजे पिकणार, फक्त वेळ लागेल. निकालाआधीच निकाल सांगणारे हे विशेषण आपण अगदी निर्हेतुकपणे वापरतो.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन होती. दर चौघांत तिघे. आर्थर रोडची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षे ८०४ सांगितली जात असे आणि आत तीन हजारांवर माणसे असत. त्यांतही भरणा न्यायाधीनांचाच. मग ‘सुधारसेवा’ हा शब्द या इमारतीला कसा लावायचा? ज्याचा दोष सिद्ध झालेला नाही, त्याच्यात कायद्याच्या दृष्टीने सुधारण्यासारखे काही नाही. त्याला वकील हवा, तारीख हवी, जामीन हवा. ‘सुधार’ हा शब्द त्याच्यासाठी नाहीच. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत जे काम उभे केले, त्याचा मोठा भाग म्हणूनच उपदेशाचा नाही. वकिलाशी गाठ घालून देणे, घरी निरोप पोचवणे, सुटल्यावर निवारा आणि कामाची सोय पाहणे, असा तो आहे. कामाने शब्दाला केव्हाच मागे टाकले आहे. शब्द अजून पाटीवर आहे.

३. रजा आणि माफी

तुरुंगाच्या परिभाषेतले मला आवडणारे दोन शब्द ‘अभिवचन रजा’ आणि ‘संचित रजा’ हे आहेत. पहिला पॅरोलसाठी, दुसरा फर्लोसाठी. ‘पॅरोल’ हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ ‘वचन’. परत येईन असा शब्द देऊन जायचे. ‘अभिवचन’ करणाऱ्याने मुळापर्यंत जाऊन भाषांतर केले आहे. घरात आजारपण, मृत्यू, लग्न असे काही निघाले की ही रजा मागायची. ‘संचित’ त्याहून बोलका. मराठी माणसाला संचित म्हटले की गाठीला जमलेले पुण्य आठवते. शिक्षेची ठरावीक वर्षे नीट काढली की ही रजा जमा होते, तिला कारण दाखवावे लागत नाही आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे दिवस तसे धरले जात नाहीत.

पण १९५९ सालच्या फर्लो व पॅरोलच्या नियमांतला सतरावा नियम सांगतो, की या नियमांमुळे बंद्याला फर्लोवर सुटण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही. म्हणजे संचित त्याचे, तिजोरीची किल्ली दुसऱ्याची. ‘रजा’ या शब्दाने हा पेच आणखी झाकला जातो. रजा म्हणजे नोकरदाराची. शिल्लक असली की साहेबाने ती द्यायचीच, असा आपला समज. मी मराठीत केलेल्या अर्जांत नातेवाइकांची हीच समजूत पुन्हा पुन्हा दिसे: ‘त्याची रजा शिल्लक आहे, तरी देत नाहीत.’ शब्दाने दिलेले आश्वासन आणि नियमाने राखलेला नकार, या दोहोंमधली जागा त्या घरातले लोक रागाने नाहीतर दलालाला पैसे देऊन भरून काढतात. माहितीपत्रकात ‘संचित रजा’ या शब्दाखाली ‘ही मागता येते, मिळेलच असे नाही’ हे वाक्य ठळक छापले, तर भाषेने निदान आपले काम केले असे होईल.

‘माफी’ची गोष्ट याच्या उलट. चांगली वर्तणूक आणि आत केलेले काम यांबद्दल शिक्षेतून काही दिवस कमी होतात. ते कमावलेले दिवस असतात. त्यालाही आपण ‘माफी’ म्हणतो. गुन्ह्यातल्या साथीदाराने सरकारच्या बाजूने साक्ष दिली तर तो ‘माफीचा साक्षीदार’. राष्ट्रपतींकडे केलेल्या दयेच्या अर्जाचा निकाल बाजूने लागला तर तीही ‘माफी’. शिवाय कर्जमाफी आहेच. कमाई, सौदा, दया आणि राजकारण या चार वेगळ्या गोष्टींना एक शब्द असल्यावर ‘शेकडो कैद्यांना माफी’ अशी बातमी वाचून वाचकाचा संताप होणारच. त्यात हिशेब असतो. त्याला मेहेरबानी दिसते. ‘शिक्षेत सूट’ हा साधा शब्द आपल्याकडे आहे आणि तो कागदोपत्री वापरलाही जातो. तो बातमीत यायला हवा.

जन्मठेपेचेही तसेच. चौदा वर्षे झाली की सुटतो, तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळी मोजतात, अशा समजुती गिरणगावातल्या कोणत्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच, गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात, जन्मठेप म्हणजे सरकारने सूट दिली नाही तर उरलेले सगळे आयुष्य, असे स्पष्ट केले होते. चौदा वर्षांचा आकडा कायद्यात आला तो पुढे, तोही काही जन्मठेपींना त्याआधी सोडता येणार नाही अशी खालची मर्यादा म्हणून. लोकांनी खालच्या मर्यादेला वरची केले. शब्दातला ‘जन्म’ कोणी ऐकलाच नाही.

४. डोंगरी

उमरखाडीचा, म्हणजे डोंगरीचा तुरुंग मराठी वाङ्मयात फार आधी आला. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी प्रत्यक्षात काढलेल्या दिवसांचा आकडा आगरकरांच्या पुस्तकाच्या नावातच आहे: ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ची सुरुवातही डोंगरीतली. पुढे हीच जागा मुलांसाठी झाली. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि आज तिथे मुलांचे निरीक्षणगृह व बालगृह आहे.

या दोन नावांतला फरक महत्त्वाचा आहे. निरीक्षणगृहात चौकशी चालू असलेली मुले असतात. बालगृहात हरवलेली, घरातून पळालेली, कोणी नसलेली, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुले. कायद्याने यांना काळजीपूर्वक वेगळे केले आहे. मुंबईच्या बोलीने ते सगळे एका शब्दात कोंबले: ‘डोंगरी’. गिरगावातल्या आणि भायखळ्यातल्या कित्येक पिढ्या ‘ऐकलं नाहीस तर डोंगरीला टाकीन’ ही धमकी ऐकत मोठ्या झाल्या. वर्तमानपत्रे त्यात ‘बालसुधारगृह’ या शब्दाची भर घालतात. चौकशीही न झालेल्या मुलाची ‘बालसुधारगृहात रवानगी’ झाली असे छापले, की तो बिघडलेला आहे हे वाचकाच्या मनात पक्के होते.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमात एक दुर्मीळ गोष्ट आहे. त्याच्या तिसऱ्या कलमातल्या तत्त्वांमध्ये भाषेविषयीचे एक तत्त्व आहे: मुलांच्या बाबतीतल्या कामकाजात आरोप करणारी, कलंक लावणारी शब्दयोजना करू नये. कायद्याने भाषेला दिलेली अशी ताकीद सहसा वाचायला मिळत नाही. त्याच कलमात ‘नवी सुरुवात’ हेही एक तत्त्व आहे. मुलाच्या जुन्या नोंदी, काही अपवाद वगळता, पुसल्या जाव्यात असे ते सांगते. ‘बालगुन्हेगार’च्या जागी आलेला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द या तत्त्वातूनच आला. तो अवजड आहे, जोडाक्षरांनी ठासून भरलेला आहे, आणि सात वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी तो उच्चारता येणार नाही. पण त्याच्यात एक शहाणपण आहे. ‘ग्रस्त’ म्हणजे पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त. संकट बाहेरून आले आहे, मुलगा म्हणजे संकट नव्हे. हा अर्थ राखून कोणी सोपा शब्द दिला तर हवाच आहे. तोपर्यंत बातमीदाराने नुसते ‘मुलगा’ म्हणावे. मराठीत तो शब्द पुरेसा आहे.

मोठ्यांसाठी मात्र अशी ताकीद कोणी दिलेली नाही. त्यांना बातम्यांत ‘जेरबंद’ करतात. जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा. आज तो गावात शिरलेल्या बिबट्याला आणि दादर स्थानकावरच्या पाकीटमाराला सारखाच लावला जातो. ‘सराईत’ हे तर कौतुकाचे विशेषण होते. सराव असलेला, निष्णात. आता ‘सराईत गायक’ म्हटले तर गायक रागावेल. या शब्दामागे अख्ख्या जमातींचा इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्यांना ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त केले आणि ‘विमुक्त’ म्हटले. पण लगेच ‘सराईत गुन्हेगारां’विषयीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, ते पोलिसांच्या आणि गावाच्या तोंडचा शब्द स्वतःच्या हातात घेण्यासाठी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले, आणि ‘सराईत’चा शिक्का जमातीवरून मारता येणार नाही असेही बजावले. एक रकाना खोडायला स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे लागली.

५. पुनर्वसन कोणाचे?

लालबाग-परळमध्ये ‘पुनर्वसन’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे तो चौरस फुटांत मोजतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गिरण्यांच्या जागी मनोरे आले. १९९५ नंतर ‘झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण’ आले. पुनर्वसन म्हणजे विकासकाचा करार, संक्रमण शिबिर, भाड्याचे धनादेश आणि एक दिवस लिफ्टची इमारत. त्याआधी हा शब्द धरणग्रस्तांचा होता. दोन्ही अर्थांत ‘वसन’ खरे आहे: पुन्हा वसवायचे, म्हणजे जागा द्यायची.

सुटलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र या शब्दातून जागाच निघून गेली. ‘बंद्यांचे पुनर्वसन’ म्हटले की आपल्यासमोर शिवणकाम, सुतारकाम, बेकरी, प्रमाणपत्र येते. आत शिकलेले कौशल्य उपयोगी असते, यात शंका नाही. पण दहा वर्षांनी परत आलेल्याला परळमध्ये आपली चाळ सापडत नाही, रेशनकार्डावर नाव उरलेले नसते, आणि धाकट्या भावाच्या दोन खोल्यांच्या संसारात पथारी टाकायला कोपरा नसतो. सरकारी परिभाषेत यासाठी ‘अनुरक्षण’ असा शब्द आहे, सुटकेनंतरच्या काळजीचा. तो फारच थोड्यांनी ऐकला आहे. उलट ‘चारित्र्य पडताळणी’ हा शब्द सर्वांनी ऐकला आहे. पहारेकऱ्याचे काम असो की वाहनचालकाचे, पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आधी आणावे लागते. त्यात पडताळले जातात ते गुन्हे; नाव मात्र चारित्र्याचे. निर्दोष सुटलेल्यालाही त्या खिडकीवर पुन्हा सगळे सांगावे लागते. जयंत पवारांनी १९९७ च्या नाटकात गिरणगावातल्या एका कुटुंबाच्या स्थितीला जे नाव दिले, ते ‘अधांतर’, या माणसाच्या अवस्थेला ‘पुनर्वसना’पेक्षा कितीतरी नेमके लागू पडते.

परळनेच या प्रश्नाचा एक चित्रपट दिला आहे. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये आला. पटकथा ग. दि. माडगूळकरांची; प्रेरणा त्यांच्याच मुलखातली. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नातून कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिचे नाव ‘स्वतंत्रपूर’. तुरुंग, कारा, बंदी यांपैकी एकही शब्द त्या नावात नाही. बंदी तिथे कुटुंबासह राहून शेती करू शकतो. गावासारखे नाव, गावासारखे जगणे. अर्थात ‘वसाहत’ या शब्दावर विसंबून राहता येत नाही. सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबले तेही ‘सेटलमेंट’मध्येच, ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे त्या शहरातल्या भागाचे नाव आजही आहे. एकाच शब्दात कुंपणही मावते आणि शेतही.

चित्रपट आपल्या लक्षात राहिला तो जेलरच्या दोन डोळ्यांमुळे. सहा खुनी त्या नजरेच्या धाकाने आणि मायेने पळून जात नाहीत. कायद्याच्या परिभाषेत प्रोबेशनला ‘परिवीक्षा’ म्हणतात: सर्व बाजूंनी पाहत राहणे. मूळ इंग्रजी शब्दात पारख आहे, स्वतःला सिद्ध करायची संधी. मराठी शब्दात फक्त नजर उरली. तोच विचार पडद्यावर आला. सुधारणा म्हणजे एका थोर माणसाची दृष्टी, असे वाटायला लावणारा हा चित्रपट माझ्या मते इथे अपुरा पडतो. पण त्याच्यातच दुसरा, जास्त खरा भाग आहे. पिकवलेली भाजी घेऊन हे सहाजण बाजारात जातात, रास्त भावात विकतात, आणि व्यापाऱ्याची माणसे त्यांना मारहाण करतात. हात न उचलण्याचे वचन पाळत ते मार खातात. त्यांची कसोटी जेलरच्या नजरेखाली लागली त्याहून अधिक बाजारात लागली. तिथे नापास झाला तो बाजार. चित्रपटाच्या नावात डोळे आहेत, हात आहेत, बाजार नाही.

६. कर्त्याचा शोध

व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर हे सगळे शब्द एका जागी येतात. ‘सुधारणे’चा कर्ता बंदी. ‘पुनर्वसन होणे’ला कर्ताच नाही, ते आपोआप होते किंवा होत नाही. ‘परिवीक्षे’चा कर्ता अधिकारी. समाज, शेजार, मालक, भाऊ, सोसायटीचा सेक्रेटरी या कोणाकडेही क्रियापद जात नाही.

नेहमीच असे नव्हते. जुन्या समाजात ‘वाळीत टाकणे’ होते आणि त्याच्या उलट ‘पंक्तीत घेणे’ होते. दोन्हींचा कर्ता समाज. प्रायश्चित्त झाले की पंगतीला बसवून घ्यायचे आणि गुन्हा तिथे मिटायचा. ती व्यवस्था जातीची होती, तिच्यात अन्याय भरलेला होता, आणि २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला ते योग्यच झाले. पण वाळीत टाकणे कायद्याने बंद केल्यावर, पंक्तीत घेण्याचे काम नव्या शब्दांत कोणाकडे सोपवायचे हे आपण ठरवले नाही. त्यामुळे आजचा बहिष्कार बिनशब्दांचा चालतो. खोली रिकामी नसते. काम कालच दुसऱ्याला दिलेले असते.

‘सुधारणा’ या शब्दाचेही असेच झाले. डोंगरीत एकशे एक दिवस काढलेल्या आगरकरांनी १८८८ साली पत्र काढले, त्याचे नाव ‘सुधारक’. त्यांच्या लेखी सुधारायचे होते ते समाजाला. रूढी, लग्न, वैधव्य, भोळेपणा यांना. एकोणिसाव्या शतकाच्या मराठीत ‘सुधारणा’चे कर्म समाज होता. विसाव्या शतकाच्या परिभाषेने तोच शब्द उचलून भिंतीच्या आतल्या माणसाला लावला, आणि भिंतीबाहेरचे आपण सगळे आपोआप सुधारलेले ठरलो.

एक शब्द मात्र अजून वाचवण्यासारखा आहे. ‘जामीन’. मोल्सवर्थच्या कोशात जामीन म्हणजे माणूस: दुसऱ्यासाठी उभा राहणारा, त्याची हमी घेणारा. ‘मी त्याला जामीन आहे’ असे वाक्य त्या मराठीत सहज होते. आज जामीन ‘मिळतो’, ‘फेटाळला जातो’, ‘मंजूर होतो’. तो आदेश झाला, रक्कम झाला. माणसासाठी ‘जामीनदार’ हा वेगळा शब्द करावा लागला, आणि तोच सापडत नाही म्हणून जामीन मंजूर झालेली माणसेही आत राहतात. पहिला शब्द कागद झाला. दुसऱ्या शब्दातला माणूस दुर्मीळ झाला.

परिभाषा समित्यांनी नवे शब्द घडवावेत, माझी हरकत नाही. पण माझी मागणी साधी आहे. ‘कच्चा कैदी’ऐवजी ‘न्यायाधीन’, ‘माफी’ऐवजी ‘शिक्षेत सूट’, ‘बालसुधारगृह’ऐवजी ‘निरीक्षणगृह’, हे तीन बदल कोणतेही वर्तमानपत्र उद्यापासून करू शकते; त्यासाठी शासननिर्णय लागत नाही. ‘पुनर्वसन’ लिहिताना त्या वाक्याला कर्ता द्यावा: कोणी जागा दिली, कोणी काम दिले, कोणी नाकारले. आणि ‘जामीन’ हा शब्द वाचताना त्यात पूर्वी एक माणूस होता हे लक्षात ठेवावे. तो माणूस चाळीतला होता, पेढीवरचा होता, नात्यातला होता. त्याच्यावाचून खात्याच्या पाटीवरची सुधारसेवा तुरुंगाच्या दारापर्यंतच येते. दाराबाहेरचा रस्ता तिच्या हद्दीत नाही.